गावचा माणूस कोण, हे कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जागतिकीकरणात माणसं, पैसा आणि निरोप सीमा ओलांडून सतत ये-जा करतात. या सीमापार जाळ्यांमुळे समाज विस्कटतात आणि ओळखी पुसट होतात, की उलट घट्ट होतात? पंचवीसेक वर्षं मी स्थलांतरितांच्या संघटना, त्यांचे पैशांचे व्यवहार आणि मागे राहिलेली कुटुंबं यांचा अभ्यास करतोय. वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि मुलांना ‘पुसट’ किंवा ‘घट्ट’ यांपैकी एक उत्तर हवं असतं. माझं उत्तर जरा आडवळणाचं आहे. ‘आपण कोण’ हे ठरवण्याचा अधिकार या जाळ्यांमुळे एका हातातून दुसऱ्या हातात जातो. तो कुणाच्या हाती गेला हे आधी शोधायचं. ओळख घट्ट झाली की सैल, हे त्यावरून कळत जातं.

मेक्सिकोतलं एक उदाहरण घेतो. साकातेकास राज्यात हेरेस नावाचं नगर आहे. तिथून तरुणपणी अमेरिकेत गेलेला आंद्रेस बर्मुदेस कॅलिफोर्नियात टोमॅटोच्या शेतीत पैसेवाला झाला. लोक त्याला ‘टोमॅटो किंग’ म्हणत. 2001 मध्ये तो हेरेसला परतून महापौरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि जिंकला. निवडणूक न्यायालयाने त्याची निवड रद्द केली, कारण कायद्यात बसेल इतका काळ तो तिथे राहिलेलाच नव्हता. मतदार म्हणत होते ‘हा आमचा’, कायदा म्हणत होता ‘हा इथला नाही’. 2003 मध्ये राज्याने आपली घटनाच बदलली आणि दोन्ही देशांत वास्तव्य असलेल्यांना निवडणूक लढवण्याची वाट मोकळी केली. 2004 मध्ये बर्मुदेस पुन्हा उभा राहिला, पुन्हा जिंकला आणि या वेळी खुर्चीवर बसला.

याला नुसती राजकारणातली गंमत समजू नका. ‘रहिवासी’ या शब्दाचा अर्थ इथे कायद्याने बदलला. त्यामागे बर्मुदेस एकटा नव्हता. लॉस एंजेलिस आणि शिकागोतले, एकेका गावच्या लोकांनी काढलेले क्लब होते. हे क्लब नाचगाण्याचे कार्यक्रम आणि सौंदर्यस्पर्धा भरवून पैसे जमवत आणि गावाकडे पाठवत. साकातेकासमध्ये 1990 च्या दशकात सरकारने त्यात आपली भर घालायला सुरुवात केली. 2002 पासून देशभर ‘एकास तीन’ योजना आली: क्लबने एक डॉलर घातला की नगरपालिका, राज्य आणि केंद्र प्रत्येकी एक घालणार. रस्ते झाले, पाणी आलं, वीज आली. त्याचबरोबर चर्चची डागडुजी झाली आणि घोडेस्वारीच्या खेळांची मैदानंही झाली. आता विचार करा, वर्षातून एकदा सुट्टीला येणाऱ्या माणसाला गाव कसं दिसायला हवं असतं? आठवणीतल्यासारखं, फक्त जरा चकचकीत. तिथे बाराही महिने राहणाऱ्याला मात्र रोजगार हवा असतो, दवाखान्यात डॉक्टर हवा असतो. एका डॉलरमागे सरकारचे तीन डॉलर ओढणारा माणूस सरकारी पैशाची दिशाही ठरवतो. पैसा पाठवणाऱ्याचं गावावर प्रेम असतं यात मला शंका नाही, पण प्रेम करणाऱ्याच्या हातात तिजोरीची किल्ली आली की नातं बदलतंच.

हे सगळं काल-परवाचं आहे, असं समजू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत गेलेल्या इटालियनांपैकी फार मोठा हिस्सा परत फिरला होता आणि परतताना पैसा आणि सवयी दोन्ही घेऊन गेला होता. रँडॉल्फ बोर्न या अमेरिकन लेखकाने ‘ट्रान्स-नॅशनल’ हा शब्द आपल्या देशाला उद्देशून 1916 मध्येच वापरला होता. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नीना ग्लिक शिलर, लिंडा बाश आणि क्रिस्टिना सांतोन ब्लँक या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला अभ्यासाची चौकट दिली. त्यांचं म्हणणं साधं होतं: स्थलांतरित माणूस एक देश सोडून दुसऱ्यात मुरतो असं नाही, तो दोन्ही ठिकाणी एकाच वेळी संसार करतो. ‘एकाच वेळी’ हेच त्यात नवं आहे. पूर्वी पत्र पोचेपर्यंत निर्णय होऊन गेलेला असायचा. आता घरातला निर्णय फोनवर, व्हिडिओ सुरू ठेवून, दोन खंडांत बसून घेतला जातो.

आकडा लक्षात ठेवायचाच तर एक ठेवा: संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार 2020 मध्ये जन्मदेशाबाहेर राहणारी माणसं सुमारे 28 कोटी 10 लाख होती, म्हणजे जगाच्या लोकसंख्येच्या 3.6 टक्के. उरलेली 96 टक्के माणसं आपापल्या देशातच आहेत. पण जाळ्यांचा परिणाम हललेल्यांइतकाच न हललेल्यांवरही होतो. पेगी लेविट या समाजशास्त्रज्ञ बाईंनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी शहराजवळचं एक गाव आणि त्याच गावचे बोस्टनच्या जमैका प्लेन भागात राहणारे लोक, असा दोन्ही टोकांचा अभ्यास केला. डॉलरबरोबर कल्पनाही घरी पोचतात, हे त्यांनी 1998 मध्ये मांडलं आणि त्याला ‘सामाजिक रेमिटन्स’ म्हटलं (रेमिटन्स म्हणजे परदेशातून घरी पाठवलेला पैसा). बाईने घरात कसं बोलावं, नवऱ्याने कोणती कामं करावीत, पुढाऱ्याला हिशेब विचारावा की नाही, हे सगळं त्यात आलं. पासपोर्टही नसलेल्या मुलीच्या लग्नाच्या अपेक्षा परदेशातल्या मावशीमुळे बदलतात. जाळं समजून घ्यायला निघालेल्या माणसाने अशा मुलींशी आधी बोलावं, असं माझं मत आहे. विमानतळावरच्यांची मुलाखत नंतर घेतली तरी चालेल.

आता अलेवींकडे येतो. विद्यार्थ्यांना मी हे उदाहरण सगळ्यात जास्त सांगतो, कारण यात ओळख पुसली गेली नाही आणि नुसती जपलीही गेली नाही. ती परदेशात नव्याने घडून मायदेशी परतली. अलेवी हा तुर्कस्तानातला मोठा अल्पसंख्य समाज. त्यांच्या उपासनेत मशिदीपेक्षा ‘जेम’ ही सामूहिक सभा महत्त्वाची, त्यात साझ हे तंतुवाद्य वाजतं आणि स्त्री-पुरुष एकत्र बसतात. शतकानुशतकं छळ सोसलेला हा समाज शहरात आला की आपण अलेवी आहोत हे सहसा सांगत नसे. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी कामगारभरतीचा करार केला आणि त्यातून लाखो माणसं गेली, त्यांत अलेवीही होते. जर्मनांच्या लेखी ते सगळे एकजात ‘तुर्की कामगार’. 1973 मध्ये भरती थांबली. परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून लोकांनी कुटुंबं बोलावून घेतली. तात्पुरता मुक्काम कायमचा झाला तो असा, दार बंद केल्यामुळे. (सीमा आवळली की जाणारे थांबतात आणि असलेले मुळं धरतात, हे धोरणकर्त्यांना अजून पचलेलं दिसत नाही.)

1989 मध्ये हॅम्बुर्गला अलेवी संस्कृती सप्ताह झाला आणि तिथे एका जाहीरनाम्यातून ‘आम्ही अलेवी आहोत, आम्हाला मान्यता द्या’ असं उघडपणे म्हटलं गेलं. घरात कुजबुजत सांगायची गोष्ट परक्या देशाच्या सभागृहात ध्वनिक्षेपकावरून बोलली गेली. 2 जुलै 1993 रोजी तुर्कस्तानातल्या सिवास शहरात अलेवी उत्सवासाठी जमलेले कवी, गायक, लेखक ज्या हॉटेलात उतरले होते ते जमावाने पेटवलं. त्यानंतर युरोपभर अलेवी संघटना झपाट्याने वाढल्या आणि तुर्कस्तानातल्या शहरांतही जेमेवी, म्हणजे जेमची सभागृहं, उघडपणे उभी राहू लागली.

पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. जर्मनीच्या मूलभूत कायद्यातलं, म्हणजे राज्यघटनेतलं, कलम 7 सरकारी शाळेत धर्मशिक्षणाची सोय देतं. त्यासाठी तुम्ही ‘धार्मिक समुदाय’ असायला हवं आणि तुमची शिकवण लिहून देता यायला हवी. मग प्रश्न आला: अलेवी म्हणजे काय? इस्लाममधला एक पंथ, स्वतंत्र धर्म, की संस्कृती आणि जीवनदृष्टी? गावात देदे सांगेल ते खरं होतं (‘देदे’ म्हणजे त्यांचा वंशपरंपरेने आलेला गुरू). जर्मनीत अर्ज भरायचा होता आणि अर्जात रकाना होता. संघटनांनी रकाना भरला, अलेवी धर्मशिक्षण अनेक राज्यांतल्या शाळांत सुरू झालं. अभ्यासक्रम आला, पाठ्यपुस्तकं आली, आणि मौखिक परंपरेची एक लिखित, प्रमाण आवृत्ती तयार झाली. ‘आपण कोण’ हे ठरवणारा अधिकार देदेकडून संघटनेच्या कार्यकारिणीकडे सरकला. तो फुकट मिळाला नाही. जर्मन कायद्याच्या साच्यात बसावं लागलं. सगळे अलेवी या साच्यावर खूश आहेत असं मुळीच नाही, ‘आम्ही इस्लाममध्ये की बाहेर’ हा वाद आजही पेटतो. तिकडे तुर्कस्तानात जेमेवींना प्रार्थनास्थळाचा दर्जा नाकारला जात राहिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2016 मध्ये तुर्कस्तानाला त्याबद्दल दोषी धरलं. 2022 मध्ये सरकारने जेमेवींसाठी विभाग काढला, पण तो संस्कृती मंत्रालयाखाली. कोणत्या मंत्रालयाखाली ठेवलंय हेच उत्तर समजायचं.

तेव्हा पहिली गोष्ट ही की जाळ्यांमधून ओळख जशीच्या तशी प्रवास करत नाही. ज्या देशात ती पोचते तिथल्या कागदपत्रांचा साचा तिच्यावर उमटतो.

याच्या बरोबर उलटा अनुभव ब्राझीलच्या जपानी वंशाच्या लोकांचा. 1908 मध्ये ‘कासातो मारू’ जहाज पहिल्या जपानी शेतमजुरांना घेऊन सांतोस बंदराला लागलं. त्यांची नातवंडं साओ पाउलोत ‘जपानी’ म्हणूनच ओळखली जात. 1990 मध्ये जपानला कारखान्यांसाठी माणसं हवी होती, पण परके नको होते. म्हणून कायदा बदलून जपानी वंशाच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच्या परदेशी लोकांना वास्तव्याचा व्हिसा देऊ केला. हिशेब रक्ताचा होता: जपानी रक्त, म्हणजे आपलीच माणसं. तीन लाखांहून जास्त ब्राझिलियन जपानात आले. आणि आजवर ‘जपानी’ म्हणवणारी माणसं तिथे पोचताच ‘ब्राझिलियन’ ठरली. मोठ्याने बोलतात, मिठी मारतात, कांजी ही जपानी चित्रलिपी वाचता येत नाही. गुन्मा प्रांतातल्या ओइझुमीत साम्बा या ब्राझिलियन नाचाच्या मिरवणुका निघू लागल्या. त्यांत नाचणाऱ्या कितीतरी जणांनी ब्राझीलमध्ये कधी साम्बाकडे ढुंकून पाहिलं नसेल. 2009 च्या मंदीत सरकारने त्यांना परतीसाठी कामगारामागे तीन लाख येन देऊ केले, अट अशी की याच व्हिसावर पुन्हा लगेच यायचं नाही. धड इकडचे नाहीत, धड तिकडचे नाहीत, असं कुणीही म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. दोन्हीकडे त्यांना नाव मिळालं, फक्त दोन्हीकडे ते दुसऱ्यांनी ठेवलं. अलेवींच्या पाठीशी संघटना होत्या. यांच्या येण्याचा आधार व्हिसातली एक वंशावळ होता, आणि ती अट सरकार एका हुकमाने बदलू शकत होतं.

सरकारं या खेळात प्रेक्षक असतात, हा समज सोडून द्या. ‘जागतिकीकरणाने राष्ट्र-राज्य दुबळं झालं’ हे वाक्य मी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत वाचलं की लाल शाईने खूण करतो. फिलिपिन्सने 1974 च्या कामगार कायद्यापासून माणसं परदेशी पाठवणं हे धोरणच केलं. 1988 मध्ये राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांना ‘आधुनिक वीर’ म्हटलं. मोलकरणीला वीर म्हणणं हा ओळखीचा नवा साचाच होता, आणि तो सरकारने ओतला. मात्र साचा उलटूही शकतो. मार्च 1995 मध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्तेम्प्लासियोन या फिलिपिनो घरकामगार बाईला फाशी दिली, तेव्हा फिलिपिन्समध्ये लोकक्षोभ उसळला. वीर म्हणता, मग तिला वाचवलं का नाही? त्याच वर्षी स्थलांतरित कामगारांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि 2003 मध्ये परदेशातून मतदानाचा हक्क मिळाला. एरिट्रियाची तऱ्हा वेगळी आहे. परदेशातल्या नागरिकांनी उत्पन्नाच्या दोन टक्के कर द्यायचा. दिला नाही तर दूतावासातली कागदपत्रं अडतात. तिथे देशाचं नातं म्हणजे अक्षरशः पावती आहे.

हाँगकाँगचंच आणखी एक. रविवारी सेंट्रल भागातल्या बँकांच्या इमारतींखाली, पादचारी पुलांवर पुठ्ठे अंथरून हजारो फिलिपिनो बायका बसतात, केस विंचरतात, पत्ते खेळतात, घरी पाठवायची खोकी बांधतात. सोमवारी तीच जागा सूटबुटातल्यांची. इतर परदेशी लोकांना सात वर्षं राहिल्यावर तिथे कायमचं वास्तव्य मागता येतं, घरकामगारांना ते नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये निकालात सांगितलं. म्हणजे आयुष्याची वीस वर्षं तिथे घालवून बाई कागदावर पाहुणीच. एकाच शहरातल्या जाळ्यात बँकर आणि बाई दोघंही ‘जागतिक’. एकाला जाळं म्हणजे शिडी आणि दुसरीला दावं.

सोमालियाबद्दल थोडक्यात. 1991 मध्ये सरकार कोसळलं, बँका गेल्या, आणि परदेशातल्या सोमालींचा पैसा हवाला-कंपन्यांतून घरी येत राहिला. लंडनमध्ये दिलेली रक्कम दूरच्या गावात पोचते, कारण घेणाऱ्याला ओळखायचं कसं हे एजंटला ठाऊक असतं: नाव, बापाचं नाव, आजोबांचं नाव, कूळ. अत्याधुनिक यंत्रणेच्या तळाशी कूळ आहे. जागतिक जाळ्यांमुळे माणूस जुन्या नात्यांतून सुटतो असं मानणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. इथे कूळच हमीदार आहे, आणि हमीदाराशी कुणी भांडत नाही.

तुम्ही स्वतः अभ्यास करणार असाल तर माझी एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या सर्वेक्षणात प्रश्न होता, ‘कुटुंबात माणसं किती?’ लोक मोजायला लागायचे आणि अडायचे. मी सुचवायचो, ‘इथे राहणारी सांगा.’ वर्षभराने कळलं की त्या एका सूचनेने मी माझा विषयच प्रश्नावलीतून हाकलला होता. शाळेची फी भरणारा, सुनेला माहेरी जायची परवानगी देणारा, जमीन विकायची नाही म्हणणारा माणूस माझ्या तक्त्यात नव्हताच. पुढे आम्ही प्रश्न बदलला: ‘गेल्या वर्षी घरात घेतलेला मोठा निर्णय कोणता, आणि त्यावर कोण-कोण बोललं?’ समाजशास्त्रज्ञ आंद्रेआस विमर आणि ग्लिक शिलर यांनी 2002 मध्ये यालाच पद्धतीतला राष्ट्रवाद म्हटलं: देशाची सीमा हीच समाजाची सीमा असं गृहीत धरून मोजमाप करणं. जनगणना देशाची, कामगारांची आकडेवारी देशाची, आणि एकच कुटुंब तीन देशांच्या तीन तक्त्यांत तुकडे होऊन पडलेलं.

या बदललेल्या प्रश्नाने आणखी एक दाखवलं. पैसा येत असला तरी तो पाठवणाऱ्याचा शब्द आपोआप चालतो असं नाही. बऱ्याच घरांत पैसा वाटणारी, मागे राहिलेली बाईच खरी कारभारीण झालेली होती. परतलेला नवरा पाहुण्यासारखा वावरायचा, कारण गॅसच्या नोंदणीपासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळ्या व्यवहारांवर तिचं नाव होतं. काही ठिकाणी मात्र व्हिडिओ कॉलने उलटं केलं. आधी महिन्याकाठी एक पत्र, बाकी मोकळीक. आता रात्री दहाला ‘कॅमेरा फिरव, घरात कोण आहे दाखव.’ तंत्रज्ञान तेच, दोन घरांत दोन निकाल.

दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत हे सगळं विरून जातं का, असंही तुम्ही विचारलंत. भाषा बहुतेकदा विरते, पैसे पाठवणं कमी होतं. पण मी एक जुना ठोकताळा वापरतो: माणसं पुरायची कुठे ठरवतात ते पाहा. जर्मनीतल्या तुर्कांच्या मशीद-संघटना वर्षानुवर्षं अंत्यविधीचा निधी चालवतात. सभासद मेला की पार्थिव विमानाने गावी पोचवायचं. सेनेगलच्या मुरीद या सूफी पंथाच्या लोकांना तुबा या पवित्र शहरात पुरलं जावं असं वाटतं, मग मरण न्यूयॉर्कला येवो की इटलीत. 2020 च्या साथीत विमानं थांबली आणि अनेकांना नाइलाजाने जिथे मरण आलं तिथेच पुरावं लागलं. त्याआधीपासून तिथे जन्मलेली मुलं विचारू लागली होती: कबर इतक्या लांब असली तर आम्ही जायचं कधी? दरम्यान एकेका जर्मन राज्याने शवपेटीची सक्ती सैल करून कफनातल्या दफनाला परवानगी दिली, बाडेन-व्युर्टेम्बर्गने 2014 मध्ये, बव्हेरियाने 2021 मध्ये. मुलाखतीत ‘तुम्ही स्वतःला कोण समजता’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर मिळतं. अंत्यविधी-निधीची वर्गणी मुलाने चालू ठेवली आहे का, हे विचारा. तो थोडा वेळ गप्प बसेल. लिहायला सुरुवात तिथून करा.